दोन समुद्र आणि मधला घाट : पालघर–डानकुनी लोहमार्गाची पूर्वपीठिका

एका समुद्राच्या काठावर माल गाडीत चढवायचा आणि खंड ओलांडून दुसऱ्या समुद्राच्या काठावर उतरवायचा, या हेतूने टाकलेल्या लोहमार्गांत सर्वांत जुना मार्ग पनामाचा. १८५५ साली तो सुरू झाला तेव्हा त्याची लांबी जेमतेम ४७ मैल होती. पण अटलांटिक आणि पॅसिफिक त्याने जोडले. अमेरिकेचा १८६९ चा, कॅनडाचा १८८५ चा आणि सायबेरियातून व्लादिवोस्तोकला जाणारा रशियाचा मार्ग हे त्याच्या नंतरचे. भारतात असा मार्ग म्हणजे अरबी समुद्र ते बंगालचा उपसागर. भूगोलाच्या काटेकोर भाषेत हे दोन्ही हिंदी महासागराचेच भाग, तेव्हा ‘दोन महासागर’ म्हणणे थोडे सैलच. पण मुंबईहून कलकत्त्याला जहाजाने जायचे तर सारे द्वीपकल्प आणि वर श्रीलंका एवढा वळसा पडतो. आडवा लोहमार्ग हा वळसा वाचवतो.

असा एक नवा आडवा मार्ग, तोही फक्त मालगाड्यांसाठी, अलीकडे रेल्वेच्या आराखड्यात आला. पूर्व–पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग हे त्याचे नाव, लांबी २,०७३ किलोमीटर. त्याचे पूर्वेचे टोक कोलकात्याजवळचे डानकुनी आणि या आराखड्यात पश्चिमेचे टोक पालघर. पालघरसारख्या गावाचे नाव अशा मार्गाच्या एका टोकाला का यावे, याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका वादात सापडते. वाद होता चढाचा.

तापीच्या दक्षिणेला सह्याद्रीची भिंत सुरू होते ती थेट केरळपर्यंत. तिला रुंद खिंड एकच, पालघाटची. म्हणूनच भारतात किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पहिली आगगाडी तिथूनच गेली : १८६२ साली मद्रास रेल्वे कालिकतजवळच्या बेपूर बंदरापर्यंत पोचली. (नावांच्या सारखेपणामुळे पालघर आणि पालघाट यांची गल्लत नेहमीच होते, या विषयात ती दुप्पट सोपी आहे.) मुंबईला मात्र अशी खिंड जवळ नाही. मुंबईहून देशावर जायचे तर दोनच वाटा. एक सरळ पूर्वेला, थळ किंवा बोर घाट चढून. दुसरी आधी उत्तरेला, किनाऱ्याने सुरतेपर्यंत, आणि मग तापीच्या खोऱ्यातून हळूहळू चढत खानदेशात. पहिली जवळची आणि उभी, दुसरी लांबची आणि सपाट. दुसऱ्या वाटेचा किनाऱ्यावरचा एक भाग म्हणजे आजचा वसई, सफाळे, पालघर, बोईसर, डहाणूचा पट्टा.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि चारच दिवसांनी, २० एप्रिलला, गव्हर्नर जनरल डलहौसीने आपले रेल्वेविषयक टिपण लिहिले. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तिन्ही इलाख्यांना खोड-मार्गांनी जोडण्याची कल्पना त्यात होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने, म्हणजे जी.आय.पी.ने, घाटाची वाट धरली. तिचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने दोन्ही घाटांची मोजणी केली. दुसऱ्या बाजूला लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी होता. भारत सरकारचा रेल्वे सल्लागार अभियंता म्हणून काम केलेला हा माणूस घाट चढण्याच्याच विरुद्ध होता. लांबचे पण सपाट मार्ग बांधायला आणि चालवायला स्वस्त पडतात, असे त्याचे म्हणणे. १८५५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, म्हणजे बी.बी.सी.आय.चा, तो अभियंता झाला. कंपनीच्या नावातले ‘सेंट्रल इंडिया’ तेव्हा निव्वळ भरवशावर घातलेले होते. बडोद्यामार्गे मथुरेपर्यंत मोठ्या रुळांची सलग गाडी जायला १९०९ साल उजाडले.

या कंपनीने कामाला सुरुवात मुंबईत केली नाही. तिचा पहिला तुकडा अंकलेश्वर ते उतराण, १८६० साली. तिथून रूळ एकीकडे अहमदाबादकडे आणि दुसरीकडे दक्षिणेला सरकत आले. पालघरला आगगाडी आली ती अशी गुजरातेतून, मुंबईकडून नव्हे. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईतल्या ग्रँट रोडपर्यंतचा मार्ग खुला झाला.

चढ टाळला, पण त्या बदल्यात पाणी आले. ज्या पट्ट्यातून रूळ जातात तिथे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये खाजणे, मिठागरे, आणि दर काही मैलांवर एखादी खाडी. वसईची खाडी, वैतरणा, पुढे दमणगंगा, पार, अंबिका, तापी, नर्मदा. खाडीच्या तळाचा गाळ एवढा खोल की दगडी खांब उभा करायला खडक लागत नाही. केनेडीने त्यावर एकच ठरावीक नमुना वापरला : साठ फुटांचे गाळे, त्यांवर त्रिकोणी सांगाड्याचे लोखंडी गर्डर, आणि खाली ओतीव लोखंडाचे पोकळ खांब. या खांबांच्या टोकाला स्क्रूसारखे रुंद पाते असे. खांब ठोकायचा नाही, फिरवायचा. पाते गाळ कापत खाली जाई आणि घट्ट बसे. सुटे भाग इंग्लंडातून एकाच मापाचे येत, म्हणून कोणताही गर्डर कोणत्याही पुलावर चाले. पाण्याच्या प्रदेशातला मार्ग इतका झटपट झाला त्याचे मोठे श्रेय या एकसारखेपणाला आहे. पुढे गाड्या जड झाल्या तसे हे पूल बदलावे लागले.

वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या मध्ये वैतरणेच्या दोन फाट्यांवर दोन पूल आहेत, रेल्वेच्या हिशेबात क्रमांक ९२ आणि ९३. या दोन फाट्यांमधल्या बेटावर वाढीव आणि वैतीपाडा ही वस्ती. गावाला रस्ता नाही. स्थानक गाठायचे तर पुलावरून रुळांच्या कडेने चालत जायचे किंवा होडी धरायची. गाडी आली की माणसे कठड्याला चिकटून उभी राहतात, शाळेची पोरेसुद्धा. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या लोहमार्गांपैकी एक या गावाच्या अंगणातून जातो, आणि गावाला तोच रस्ता म्हणून वापरावा लागतो.

रुळांची आखणी गावे पाहून झाली नाही, हे स्थानकांच्या नावांतही दिसते. जुनी गावे बंदरपट्टीत होती : केळवे, माहीम, सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू. रूळ खाड्यांची तोंडे टाळत आतून गेले, म्हणून ‘केळवे रोड’ आणि ‘डहाणू रोड’. ज्या ठिकाणाहून त्या गावाचा रस्ता फुटतो ते ठिकाण, एवढाच त्या ‘रोड’चा अर्थ. स्थानकाभोवती मग वेगळे गाव वाढले. बोईसर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण : तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, औद्योगिक वसाहतीलाही तारापूरचेच नाव, पण कामगार उतरतात, राहतात, बाजार करतात ते बोईसरला. किल्ला आणि जुने बंदर असलेले तारापूर मात्र पश्चिमेला खाडीकाठी शांतच राहिले.

इकडे घाटाच्या वाटेने जी.आय.पी. पुढे गेली. थळ घाटाचा चढ १८६५ साली खुला झाला. नऊ मैलांत ९७२ फूट, आणि सर्वांत उभ्या ठिकाणी ३७ ला १. याचा अर्थ ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. कागदावर हा चढ किरकोळ वाटतो. घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्याला गाडी थांबली की मागून जोडून येणारी इंजिने पाहिली म्हणजे तो कळतो. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. शिट्ट्यांनी एकमेकांना इशारे होतात आणि बोगद्यांमधून गाडी इगतपुरीला पोचते. तिथे बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. उतरणाऱ्या गाडीची ब्रेक-चाचणी वेगळी, आणि ब्रेक निकामी झालेच तर गाडी अडवायला डोंगराकडे चढणारे ‘कॅच सायडिंग’ आणखी वेगळे. दीडशे वर्षांत वाफेची इंजिने गेली, वीज आली. ३७ ला १ तसाच राहिला. प्रत्येक जड गाडीमागे खर्च होणारा वेळ, इंजिने आणि माणसे पाहिली की केनेडीचे म्हणणे हट्टाचे नव्हते हे पटते.

तरी घाटानेच बाजी मारली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता आणि वऱ्हाड–खानदेशचा कापूस मुंबईला आणण्याची सर्वांत जवळची वाट थळ घाटातून होती. जी.आय.पी.ची एक शाखा १८६७ साली नागपूरला पोचली. दुसरी भुसावळहून जबलपूरकडे निघाली. पूर्वेकडून ईस्ट इंडियन रेल्वे अलाहाबादहून जबलपूरला १८६७ सालीच येऊन थांबली होती. ७ मार्च १८७० रोजी दोन्ही कंपन्यांचे रूळ जबलपूरला जुळले. दोघींच्या रुळांची रुंदी ५ फूट ६ इंच हीच होती, म्हणून डबे न बदलता गाडी पुढे जाऊ शकली. अहमदाबादपलीकडे राजपुतान्यात अरुंद मीटर गेज टाकल्यावर पोती एका वाघिणीतून उचलून दुसऱ्या वाघिणीत टाकण्याचा जो उद्योग वर्षानुवर्षे चालला, तो जबलपूरला करावा लागला नाही.

१० मे १८६९ ला अमेरिकेत प्रॉमंटरी येथे दोन मार्ग जुळले, १७ नोव्हेंबरला सुएझ कालवा खुला झाला, आणि मग जबलपूर. दहा महिन्यांत तीन सांधे. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीचा सारा हिशेब या तिघांवर उभा आहे. गंमत म्हणजे कादंबरीतल्या प्रवाशाला भारतातला मार्ग मधेच तुटलेला आढळतो आणि हत्ती करावा लागतो. खरी तूट वेगळ्याच जागी होती. अमेरिकेच्या मार्गाला ओमाहाजवळ मिसुरी नदीवर तेव्हा पूल नव्हता. भारतात गाडी हावड्याला, हुगळीच्या पश्चिम काठावर थांबे. कलकत्ता शहर आणि बंदर समोरच्या काठावर. १८७४ साली तरंगता पूल झाला तोवर मधले पाणी नावेनेच ओलांडायचे. दोन समुद्र जोडणाऱ्या मार्गांची शेवटची काही फर्लांगे बहुधा अशीच मागे राहतात.

तापीच्या वाटेलाही पुढे रूळ मिळाले, पण उशिरा. सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आली. त्याच सुमारास, १९०० साली, बंगाल नागपूर रेल्वे खरगपूरहून हावड्याला पोचली आणि मुंबई–नागपूर–हावडा हा १,९६८ किलोमीटरचा जवळचा मार्ग पुरा झाला. जबलपूर–अलाहाबादचा जुना मार्ग त्यानंतर लांबचा ठरला. उधना–जळगाव मार्ग मात्र शतकभर एकेरीच होता. तो दुहेरी आणि विजेचा व्हायला २०१८ साल लागले. केनेडीच्या सपाट वाटेकडे एवढे दुर्लक्ष झाल्यावर ती एकविसाव्या शतकात पुन्हा महत्त्वाची ठरावी, याचे कारण कंटेनर.

२००६ साली समर्पित मालवाहतूक मार्ग महामंडळ स्थापन झाले. त्याचा पश्चिम मार्ग जवाहरलाल नेहरू बंदरापासून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत, सुमारे १,५०० किलोमीटरचा. पालघर जिल्ह्यात तो बहुतेक ठिकाणी जुन्या रुळांच्या बाजूने जातो, आणि त्याच्याकडे पाहताच वेगळेपण डोळ्यात भरते ते विजेच्या तारेच्या उंचीत. एकावर एक दोन कंटेनर ठेवलेली गाडी खालून जावी म्हणून तार साडेसात मीटरवर आहे. गाडीची लांबी दीड किलोमीटरपर्यंत; फाटकाशी उभ्या माणसाने वाघिणी मोजायला घेतल्या तर मधेच आकडा चुकतो. आणि चढ? २०० ला १ पेक्षा जास्त चालत नाही.

हा आकडा थळ घाटाशेजारी ठेवून पाहावा. ९७२ फूट म्हणजे सुमारे २९६ मीटर. २०० ला १ या चढाने तेवढे वर जायचे तर जवळपास ५९ किलोमीटर रूळ लागतात. घाटात ते काम १५ किलोमीटरांत उरकले आहे. म्हणजे कसाऱ्याच्या डोंगरात नागमोडी वळणे घेत ५९ किलोमीटर फिरायचे, किंवा लांबच लांब बोगदे खणायचे, किंवा घाट सोडून तापीच्या खोऱ्याने जायचे. बर्कली आणि केनेडी यांच्यासमोरचा प्रश्न हाच होता. फरक एवढाच की दोन मजली मालगाडीला बँकर लावून भागत नाही.

पूर्व–पश्चिम मार्गाच्या घोषणांमध्ये ही अडचण स्पष्ट उमटलेली दिसते. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याचे वर्णन भुसावळ–खरगपूर–डानकुनी असे होते. दोन समुद्रांच्या मार्गाचे एक टोक खानदेशात, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर! सर्वांत अवघड तुकडा त्यात धरलेलाच नव्हता. सविस्तर आराखड्याच्या टप्प्यात पश्चिमेचे टोक पालघर झाले आणि लांबी २,०७३ किलोमीटरवर गेली. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात डानकुनी–सुरत असा उल्लेख आला. भुसावळ, पालघर, सुरत : पाच वर्षांत तीन टोके. यात धरसोड दिसते खरी, पण नकाशावर तिन्ही ठिकाणे एकाच रेषेवर येतात. तापीच्या खोऱ्याने समुद्राकडे उतरायचे, सुरतेजवळ पश्चिम मार्गाला मिळायचे, आणि दक्षिणेला वळून बंदर गाठायचे. मार्गाचे अधिकृत टोक सुरत ठेवले तरी मुंबईच्या बाजूच्या बंदरांसाठी त्यावरून येणारी गाडी पालघर जिल्ह्यातूनच जाणार. डानकुनीची तऱ्हाही हावड्यासारखीच : हुगळीच्या पश्चिमेला, बंदरापासून दूर.

पालघरच्या बाजूला जो समुद्र या मार्गाला मिळायचा आहे तो वाढवणचा. डहाणू तालुक्यातल्या वाढवण गावासमोर किनाऱ्यापासून फार दूर न जाता सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते. मोठ्या कंटेनर जहाजांना तेवढी लागते आणि मुंबईच्या बंदरात ती गाळ उपसून टिकवावी लागते. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला पायाभरणी केली. नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात भराव घालून केलेली १,४४८ हेक्टर जागा, वर्षाला २९.८ कोटी टनांची क्षमता. मुंबई–दिल्ली लोहमार्ग तिथून बाराएक किलोमीटरवर. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जाहीर झालेल्या भारत–मध्यपूर्व–युरोप मार्गिकेशीही हे बंदर जोडले जाते. म्हणजे बंगालच्या उपसागरापासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या साखळीतली मधली कडी.

स्थानिक विरोध या बंदराइतकाच जुना आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी तेव्हा त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणला बंदर करण्यास नकार दिला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने काही अटींवर परवानगी दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. मच्छीमारांचे म्हणणे साधे आहे : जिथे भराव पडायचा तिथल्या खडकांत मासळीची वीण होते, आणि डोल जाळी जिथे लावतात ती जागा हलवता येत नाही. समुद्रात भराव घातल्याने गाव उठत नाही, असा युक्तिवाद केला जातो. मच्छीमाराचे शेत समुद्रातच असते, हे त्यात सुटून जाते.

किनाऱ्यावरच्या जुन्या रुळांनी आजवर पालघरमधून काय नेले याची नोंद कापसाइतकी ठळक नाही. जंगलपट्टीतले लाकूड आणि गवत मात्र नक्की. पावसाळा संपला की गवत कापायचे, दाबून गठ्ठे बांधायचे, आणि ते मुंबईला चढवायचे. त्या गवताच्या कापणीची मजुरी हा १९४५ च्या वारली उठावातला एक मुख्य प्रश्न होता. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेतर्फे तो लढवला. उलट दिशेने आलेला सर्वांत जड माल म्हणजे कोळसा. डहाणूच्या ५०० मेगावॉट औष्णिक वीज केंद्राला छत्तीसगडचा कोळसा रेल्वेने येतो. म्हणजे पूर्वेकडचा माल पश्चिम किनाऱ्यावर उतरवण्याचे काम इथे नवा मार्ग होण्याआधीच चालू आहे.

प्रवाशांच्या वाट्याला विरारच्या पुढे अजून दोनच रूळ आहेत. डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल १६ एप्रिल २०१३ ला आली, पण त्याच दोन रुळांवरून मेल, शटल आणि मालगाड्या जातात, आणि मेलला वाट द्यायची तर लोकल मधल्या एखाद्या स्थानकात बाजूच्या रुळावर उभी राहते. विरार ते डहाणू रोड ६४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात घेतले आहे. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर जिल्ह्यात विरार आणि बोईसर ही दोन स्थानके धरली आहेत. पश्चिम मालवाहतूक मार्गाचा सर्वांत रखडलेला तुकडा वैतरणा ते जवाहरलाल नेहरू बंदर हा १०२ किलोमीटरचा होता. त्याच्या उत्तरेचा भाग आधी वाहता झाला आणि बंदराचा तुकडा मागे राहिला. वाढवणचा पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस व्हायचा आहे. बंदरापासून मालवाहतूक मार्गापर्यंतचे बाराएक किलोमीटर रूळ त्याच कामाचा भाग आहेत. सुरतेपासून पूर्वेचा, खानदेश–विदर्भातून डानकुनीला जाणारा सारा मार्ग अजून कागदावर आहे.